कवीचा निनावी समीक्षक : 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' आणि लेखकाचा आत्मप्रसार

साहित्यकृती आणि तिचा प्रसार ह्यांच्यातील संबंध हा विषय आपल्या समीक्षेने बहुधा दाराबाहेरच ठेवला आहे. ह्याला कारणेही आहेत. मर्ढेकरांपासून मराठीत जी सौंदर्यविचाराची परंपरा दृढ झाली, तिने कलाकृतीच्या स्वायत्ततेला केंद्रस्थान दिले. ते देताना कृतीच्या निर्मितीचा मानसशास्त्रीय तपशील जसा गौण ठरला, तसाच ती कृती वाचकापर्यंत कशी पोहोचली ह्याचा व्यावहारिक तपशीलही गौण ठरला. लेखकाने आपले पुस्तक खपावे म्हणून काय काय केले, हा प्रश्न चरित्रकाराकडे सोपवण्यात आला, आणि चरित्रकारांनी तो किस्से म्हणून सांगितला. तो सांगताना सूर बहुधा क्षमेचा किंवा कुत्सिततेचा राहिला. थोर लेखकाची एक मानवी दुर्बलता, इतकेच त्याचे मोल.

परंतु ज्या प्रसंगी लेखक आपल्या पुस्तकाची नुसती जाहिरात न करता त्याचे परीक्षणच लिहितो, आणि तेही निनावी, तेव्हा प्रश्न चरित्राचा न राहता समीक्षेचा होतो. कारण तेथे खोटा ठरतो तो समीक्षकाचा आवाज. असे एक प्रकरण अमेरिकन काव्याच्या इतिहासात अगदी आरंभीच घडलेले आहे. वॉल्ट व्हिटमनच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'चे हे प्रकरण सर्वश्रुत असले, तरी त्यातून निघणारा प्रश्न पुरेसा विचारला गेलेला नाही असे मला वाटते.

व्हिटमन हा काही ह्या वाटेवरचा पहिला प्रवासी नव्हे. पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल आपल्याच उपरोधिका-संग्रहात वाचकाला आपले पुस्तक कोणत्या दुकानात मिळेल ह्याचा पत्ता देतो, आणि तो पत्ता कवितेचाच भाग होऊन बसतो. वॉल्टर स्कॉटने 'टेल्स ऑफ माय लँडलॉर्ड' ह्या आपल्या निनावी कथामालेचे निनावी परीक्षण 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'च्या जानेवारी 1817 च्या अंकासाठी स्वतःच लिहिले. त्यात त्याचा मित्र विल्यम अर्स्किन ह्याचाही हात होता. पण मार्शलचा पत्ता त्याच्या स्वतःच्या नावाने दिलेला आहे, आणि स्कॉटला मुख्यतः आपल्या इतिहासचित्रणावरील आक्षेपांना उत्तर द्यायचे होते. व्हिटमनची गोष्ट ह्या दोहोंहून निराळी आहे. त्याला वाचकच नव्हता आणि तो घडवायचा होता.

1855 च्या जुलैमध्ये ब्रुकलिनमधील रोम बंधूंच्या लहानशा छापखान्यातून हे पुस्तक बाहेर पडले. प्रकाशक नव्हता, खर्च कवीचा. काही पृष्ठांचे खिळेही त्याने स्वतः जुळवले होते. सुमारे 795 प्रती, 95 पृष्ठे, बारा शीर्षकहीन कविता, आरंभी दुस्तंभी छपाईतील दहा पृष्ठांची प्रस्तावना, हिरव्या कापडी बांधणीवर सोनेरी अक्षरे, आणि त्या अक्षरांना फुटलेली मुळे व पाने. शीर्षकपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. त्याच्यासमोर होते एक कोरीव चित्र: गळ्याशी सदरा उघडा, एक हात कमरेवर, दुसरा खिशात, डोक्यावर कलती टोपी. नाव पहिल्या दीर्घ कवितेच्या मध्यावर, ओळीच्या ओघात येते. स्वामित्वहक्काच्या नोंदीत मात्र ते रीतसर, 'वॉल्टर' असे आहे. म्हणजे छापील 'वॉल्टर'चा 'वॉल्ट' कवितेने केला.

आपल्याकडील अभंगातील नाममुद्रेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पण साम्य वरवरचे आहे. 'तुका म्हणे' ही मुद्रा मुखोद्गत परंपरेत रचनेची मालकी आणि प्रामाण्य राखते. तिच्यामागे ऐकणारा समुदाय आधीपासून उभा असतो. व्हिटमनच्या कवितेतील नावामागे कोणीही उभे नव्हते. ते नाव एका व्यक्तिरेखेची घोषणा होती. चित्र, बांधणी, निनावी शीर्षकपृष्ठ आणि कवितेतून अचानक उमटणारे नाव ही सगळी त्या व्यक्तिरेखेच्या मंचावरील आगमनाची सिद्धता होती. जेरार जेनेटने 1987 च्या आपल्या 'स्यइ' ह्या ग्रंथात संहितेभोवतीच्या अशा मजकुराला उंबरठ्याची उपमा दिली आहे: तो ना घरात, ना रस्त्यावर. व्हिटमनने आपले घर बांधण्यापूर्वीच बहुधा उंबरठा घडवला होता.

आता परीक्षणांकडे वळू. त्याआधी त्या काळच्या अमेरिकी परीक्षणव्यवहाराची एक बाब ध्यानात घ्यायला हवी. नियतकालिकांतील परीक्षणे तेव्हा सर्रास निनावी असत. 'पटनम्स मंथली'त सप्टेंबर 1855 मध्ये ह्या पुस्तकावर चार्ल्स एलियट नॉर्टनने जे लिहिले, तेही नावाविना. परीक्षणात बोलतो तो संपादकीय 'आम्ही' आणि त्याला चेहरा नसतो, हा संकेत वाचकाला मान्य होता. दुसरीकडे प्रकाशकांच्या पैशावर किंवा मैत्रीवर चालणारी भलामण इतकी बोकाळलेली होती की एडगर अॅलन पोसारख्या समीक्षकाने तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षे लेखणी चालवली. आणि व्हिटमन हा मूळचा वृत्तपत्री माणूस. 1846 ते 1848 ह्या काळात 'ब्रुकलिन डेली ईगल'चे संपादन करताना त्याने स्वतः कितीतरी पुस्तकांवर अभिप्राय लिहिले होते. अभिप्राय कसा तयार होतो, कोण तो छापते आणि कोण उचलून पुन्हा छापते, ही सारी यंत्रणा त्याच्या हाताखालून गेलेली होती. निनावीपणाचा संकेत त्याने शोधून काढला नाही. त्या संकेतातील फट तेवढी त्याने ओळखली.

त्याने तीन परीक्षणे लिहिली, आणि ती तीन निरनिराळ्या ठिकाणांच्या वाचकांसाठी निरनिराळी लिहिली. ती एकत्र वाचली म्हणजे आत्मस्तुतीच्या पलीकडचे काही दिसू लागते.

पहिले 'युनायटेड स्टेट्स रिव्ह्यू'च्या सप्टेंबरच्या अंकात आले. त्याचा आरंभच अखेर एक अमेरिकी शाहीर अवतरल्याच्या जयघोषाने होतो. राष्ट्राचे राजकारण स्वतंत्र, पण साहित्य मात्र आयात केलेले, हा त्यातील मुख्य मुद्दा. तो मांडताना लेखक कवीचे शरीर वर्णितो: रांगडा, धिप्पाड, अभिमानी, उन्हाने रापलेला, दाढीवाला. हे वर्णन कवितेतून घेतलेले आहे. फरक इतकाच की कवितेतील प्रथमपुरुष येथे तृतीयपुरुषी झाला आहे.

दुसरे ऑक्टोबरमध्ये 'अमेरिकन फ्रेनॉलॉजिकल जर्नल'मध्ये आले. डोक्याच्या कवटीवरील उंचवटे चाचपून स्वभाव सांगणाऱ्या विद्येचे हे मासिक फाउलर अँड वेल्स ह्या संस्थेचे, आणि व्हिटमनच्या पुस्तकाची विक्रीही तीच संस्था करत होती. म्हणजे कवी, विक्रेता आणि परीक्षण छापणारा हे तिघे एकाच घरात बसलेले. ह्या लेखात त्याने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले टेनिसनचे 'मॉड' आणि आपला संग्रह समोरासमोर ठेवले. टेनिसनला त्याने कमी लेखले नाही, हे लक्षणीय आहे. त्याला तो एका थकलेल्या, कंटाळलेल्या वर्गाचा अस्सल कवी मानतो. प्रश्न गुणवत्तेचा न ठेवता तो काव्य कोणत्या समाजरचनेतून उगवते असा ठेवतो. आणि शेवटी ह्या नव्या कवीविषयी निर्णय न देता म्हणतो की, हा मनुष्य एक तर साहित्याच्या इतिहासातील अत्यंत शोचनीय अपयश ठरेल किंवा अत्यंत वैभवशाली यश. आत्मस्तुती करणारा मनुष्य पहिला पर्याय लिहीत नाही. तो लिहिण्यासाठी समीक्षकाची भूमिका अंगात भिनावी लागते. येथे व्हिटमन जाहिरातदार कमी आणि नट अधिक आहे.

तिसरे परीक्षण 29 सप्टेंबरच्या 'ब्रुकलिन डेली टाइम्स'मधले. ते गावच्या वृत्तपत्रासाठी गावच्या पोराविषयी लिहिलेले आहे आणि सूर त्याप्रमाणे बदललेला आहे. हा कवी काहींना सैतानी वाटेल, काहींना दैवी, असा सावध पवित्रा घेऊन लेखक पुन्हा देहाकडे वळतो: वय छत्तीस, कधी औषधाला शिवलेला नाही, कधी काळे कपडे घातलेले नाहीत. त्यात 1849 मध्ये लोरेन्झो फाउलरने केलेल्या व्हिटमनच्या कवटीच्या तपासणीचा अहवालही समाविष्ट आहे. ह्या अहवालातील गुणांकन फारच अनुकूल होते आणि व्हिटमनने पुढेही ते छापण्याची संधी सोडली नाही. आज ही विद्या भाकडशास्त्र ठरली आहे. तेव्हा ती सुशिक्षित शहरी वर्गात प्रतिष्ठित होती. दुसऱ्याच्या तोंडून आलेले प्रशस्तिपत्र, आणि तेही शास्त्राचे!

ही तीन परीक्षणे आणि ती दहा पृष्ठांची प्रस्तावना ह्यांची भाषा एकच आहे: लांबत जाणाऱ्या याद्या, क्रियापदांवाचून धावणारी वाक्ये, देहाच्या रूपाने राष्ट्राची कल्पना. ज्यांनी 1855 मध्ये ती लक्षपूर्वक वाचली असतील त्यांना लेखक कोण हे कळायला हवे होते. ह्यावरून काही अभ्यासक असा निष्कर्ष काढतात की, ही परीक्षणे म्हणजे कवितेचाच विस्तार होय. कवितेतील 'मी' मुळातच सर्वांच्या वतीने बोलतो, तेव्हा त्याने समीक्षकाच्या वतीनेही बोलावे ह्यात विसंगती काय, असा हा युक्तिवाद. तो आकर्षक आहे, पण मला तो मान्य होत नाही. कवितेतील 'मी' वाचकाला आपली ओळख देऊन मग त्याच्यावर दावा सांगतो. वाचक तो दावा स्वीकारू शकतो, झिडकारू शकतो, हसू शकतो. परीक्षणातील 'तो' मात्र वाचकाच्या हातून ही निवडच काढून घेतो. त्याला वाटते की आपल्यासारख्याच कोणा दुसऱ्याने हे पुस्तक वाचून मत दिले. व्हिटमनच्या काव्याला समानतेने वागणारा वाचक हवा होता. त्याच्या परीक्षणांनी त्याच वाचकाला फसवले. शिवाय तो पहिला वाचक तर परीक्षणांपूर्वीच भेटलेला होता.

तो वाचक म्हणजे एमर्सन. 21 जुलै 1855 रोजी, पुस्तक निघून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, एमर्सनने ह्या अनोळखी कवीला खाजगी पत्र लिहिले. थोर कारकिर्दीच्या आरंभी त्याने त्याचे अभिवादन केले. इतके निःशंक स्वागत एखाद्या नवकवीच्या वाट्याला क्वचितच आले असेल. व्हिटमनने ते पत्र 10 ऑक्टोबरच्या 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये छापू दिले. एमर्सनला विचारले नव्हते. पहिल्या आवृत्तीच्या काही प्रतींतही ते जोडले गेले. आणि 1856 मध्ये जेव्हा बत्तीस कवितांची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्या पत्रातील अभिवादनाचे वाक्य एमर्सनच्या नावासह पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत उमटले. मलपृष्ठावर अभिप्राय छापण्याची जी सर्वमान्य प्रथा आज आहे, तिचे हे आरंभीचे उदाहरण मानतात. वास्तविक एमर्सनने ज्या पुस्तकाचे स्वागत केले होते ते हे पुस्तक नव्हेच. ह्यातील वीस कविता त्याने पाहिलेल्याही नव्हत्या.

दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. त्यात एमर्सनचे पत्र, त्याला 'गुरुवर्य' असे संबोधून व्हिटमनने दिलेले लांबलचक प्रकट उत्तर आणि परीक्षणांतील उतारे आहेत. उत्तरात व्हिटमन सांगतो की पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती आपण छापल्या आणि त्या सहज खपल्या. हे दोन्ही खरे नव्हते. उताऱ्यांत त्याची स्वतःची निनावी परीक्षणेही इतरांच्या रांगेत बसवलेली आहेत. त्याच रांगेत प्रतिकूल मतांनाही जागा आहे. डुकराला गणितात जितकी गती तितकीच व्हिटमनला कलेत, असे लंडनच्या 'क्रिटिक'ने लिहिले होते. असले शेरे लपवण्याची त्याला गरज वाटली नाही. उलट शिव्याही आपल्या पुस्तकाचे वजन वाढवतात हे त्याने आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे जाऊन ओळखले होते.

पण ह्या परिशिष्टानेच त्याला उघडे पाडले. 'न्यूयॉर्क डेली टाइम्स'ने 13 नोव्हेंबर 1856 रोजी दुसऱ्या आवृत्तीचे परीक्षण करताना ह्या प्रकाराचा नाव घेऊन समाचार घेतला. आपल्याच पुस्तकाचे परीक्षण लिहायचे, मग ते ज्या नियतकालिकात आले त्यातून उतरवून निःपक्ष संपादकीय मत म्हणून जगापुढे ठेवायचे, हे असत्य होय, असा त्या लेखाचा आरोप आहे. ते परीक्षणही निनावीच होते. त्याचा लेखक विल्यम स्विंटन हा व्हिटमनच्या परिचयातला असावा असे मानले जाते. त्या परीक्षणाची खरी थोरवी पुढे आहे. आरोप केल्यावर तो समीक्षक कवितांकडे वळतो आणि त्यांतील सामर्थ्याची मुक्तपणे दखल घेतो. लेखकाच्या व्यवहारावर संताप आणि काव्याला न्याय ह्या दोन गोष्टी त्याने एका लेखात, एकमेकींत न मिसळता केल्या. आपल्याकडे अशा वेळी काय होते? एक तर व्यवहार आवडला नाही म्हणून काव्य टाकले जाते, नाही तर काव्य थोर म्हणून व्यवहाराकडे डोळेझाक होते. 1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काव्यगायनाविषयी जे लिहिले गेले ते ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. कवीने आपली कविता स्वतः श्रोत्यांपुढे नेली, एवढ्यानेच ती उथळ ठरवण्याची घाई अनेकांना झाली होती. वास्तविक तेथे काहीही दडवलेले नव्हते. कवी आपल्या नावानिशी, आपल्या तोंडाने श्रोत्यांसमोर उभा होता. करंदीकर, बापट, पाडगावकर ह्या तिघांच्या काव्यवाचनांनाही हेच लागू पडते. मंचाचा संशय घेणाऱ्या समीक्षेने निनावी लेखणीचा संशय फार कमी वेळा घेतला आहे.

पुढच्या वर्षांत व्हिटमनने तंत्र बदलले. 1860 मध्ये बॉस्टनच्या थेअर अँड एल्ड्रिज ह्या प्रकाशकांनी तिसऱ्या आवृत्तीबरोबर परीक्षणांची एक पुस्तिका फुकट वाटली. नंतर मित्रांच्या लेखणीतून बोलण्याची सोय झाली. 1865 मध्ये सरकारी नोकरीतून काढून टाकल्यावर विल्यम ओकॉनरने 'द गुड ग्रे पोएट' हे त्याचे कैवारी पत्रक लिहिले आणि त्यातून शुभ्रकेशी, सोशिक कवीची प्रतिमा रूढ झाली. जॉन बरोजचे 1867 मधील पुस्तक आणि रिचर्ड बक ह्याचे 1883 मधील चरित्र ह्या दोहोंत व्हिटमनने स्वतः लिहून घातलेला मजकूर बराच आहे. चरित्रनायकाने चरित्रकाराच्या हस्तलिखितात खाडाखोड करावी ह्यात आज कोणाला नवल वाटणार नाही.

1876 चे प्रकरण मात्र थांबून पाहावे असे आहे. त्या वर्षी 26 जानेवारीला न्यूजर्सी राज्यातील कॅमडन गावच्या 'वेस्ट जर्सी प्रेस' ह्या स्थानिक पत्रात एक निनावी लेख आला. अमेरिकेने आपल्या ह्या कवीची पूर्ण उपेक्षा केली आहे, मासिके त्याला दारातून परत पाठवतात, प्रकाशक त्याला उभे करत नाहीत, असे त्यात होते. लेखक अर्थातच व्हिटमन. त्याने तो इंग्लंडमध्ये विल्यम मायकेल रोझेटीकडे पाठवला. रोझेटीने त्यातील भाग लंडनच्या 'अथेनिअम'मध्ये छापवला. रॉबर्ट ब्युकॅनन ह्या कवीने वृत्तपत्रात अमेरिकनांवर ताशेरे झोडले. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर वाद पेटला. त्याच वर्षी व्हिटमनने दोन खंडांची आवृत्ती स्वतः छापून कॅमडनमधील घरातून टपालाने विकायला काढली होती. इंग्लंडमधून मागण्या आल्या, आगाऊ पैसेही आले. लेखातील तक्रार अतिशयोक्त होती; तथापि त्याची प्रकृती पक्षाघाताने ढासळलेली होती आणि त्याला पैशांची निकड होती, हेही खरे. ह्या वेळी त्याने समीक्षकाचे सोंग घेतले नाही. बातमीदाराचे घेतले. आणि पुस्तक थोर आहे असे न सांगता पुस्तकावर अन्याय झाला आहे असे सांगितले. वाचकाला निर्णय देण्यापेक्षा त्याला कैवार घ्यायला लावणे अधिक परिणामकारक असते, हे 1855 च्या परीक्षणांत त्याला साधले नव्हते.

ही गोष्ट त्याच्या शत्रूंनीही त्याला नकळत शिकवली. 1881 मध्ये बॉस्टनच्या ऑसगुड ह्या प्रकाशन संस्थेने त्याची आवृत्ती काढली. 1882 मध्ये तेथील सरकारी वकिलाने अश्लीलतेच्या कारणावरून कविता गाळण्याची मागणी केली. व्हिटमनने नकार दिला आणि प्रकाशकाने अंग काढून घेतले. पुस्तक फिलाडेल्फियात पुन्हा निघाले आणि त्याला पूर्वी कधी नव्हता असा खप लाभला. सत्तावीस वर्षांत कवीच्या निनावी लेखणीने जे साधले नाही ते एका वकिलाच्या सहीने साधले.

त्याच्या अखेरच्या काळातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. वृद्ध कवी खुर्चीत बसला आहे आणि त्याच्या उंचावलेल्या बोटावर फुलपाखरू विसावले आहे. निसर्गाने आपल्या कवीला ओळखल्याची ती खूण. फुलपाखरू खरे होते असे तो सांगे. ते कागदी पुठ्ठ्याचे, बोटाला बांधलेले होते. त्याच्या वह्यांसोबत ते वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये पोहोचले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संग्रह हलवताना 1942 मध्ये काही वह्यांसह गहाळ झाले आणि 1995 मध्ये चार वह्यांबरोबर पुन्हा सापडले. आज ते संग्रहात जपून ठेवलेले आहे.

निनावी परीक्षणांचे भवितव्य ह्याहून निराळे झाले नाही. व्हिटमन 1892 मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या वाङ्मयाची व्यवस्था पाहणाऱ्या हॉरेस ट्रॉबेल, बक आणि थॉमस हार्नेड ह्या तिघांनी 'इन री वॉल्ट व्हिटमन' हा ग्रंथ संपादित केला. त्यात ती तिन्ही परीक्षणे त्याच्या नावावर छापली गेली. तेव्हापासून अभ्यासक ती व्हिटमनच्या काव्यविचाराचे साधन म्हणून वाचत आले आहेत. राष्ट्र आणि देह ह्यांचे एकरूपत्व, आयात साहित्याविरुद्धचे बंड, टेनिसनशी विरोध ही त्याच्या काव्याच्या चर्चेतील सूत्रे प्रथम त्याच पानांवर, समीक्षकाच्या आवाजात, मांडली गेली होती.